क्लोरोफिलच्या शेजारचे पिवळे रेणू: जादा प्रकाशाचे पान काय करते

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅरोटिनॉइडांना, म्हणजे पानातल्या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांना, पुस्तकात सहायक रंगद्रव्ये म्हणतात, म्हणजे ती प्रकाश शोषून क्लोरोफिलला ऊर्जा देतात. त्याच पुस्तकात पुढे लिहिलेले असते की ती जादा प्रकाशापासून पानाचे रक्षण करतात. एकच रेणू ऊर्जा देतो आणि काढूनही घेतो, हे कसे? आणि हे पानात मोजून दाखवता येते का?

दोन्ही विधाने खरी आहेत. गोंधळ होतो तो त्यांच्यामधली पायरी न सांगितल्यामुळे. पंचवीसेक वर्षे मी पानांची प्रतिदीप्ती, म्हणजे शोषलेल्या प्रकाशातला जो थोडा भाग ती लाल प्रकाश म्हणून परत सोडतात तो, मोजते आहे, त्यांचे अर्क काढते आहे, आणि हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा छत्रीचे किंवा काळ्या चष्म्याचे चित्र असते: कॅरोटिनॉइड वर बसून ऊन अडवतात आणि क्लोरोफिल खाली सुरक्षित राहते. हे चित्र आधी पुसून टाका. कॅरोटिनॉइड साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटरमधला, म्हणजे जांभळ्या-निळ्यापासून निळ्या-हिरव्यापर्यंतचा प्रकाश शोषतात. लाल प्रकाश त्यांना दिसतच नाही, तो थेट क्लोरोफिलकडे जातो. रक्षण म्हणजे छत्री असती, तर नुसत्या लाल प्रकाशात पान उघडे पडायला हवे होते. प्रत्यक्षात पानावर फक्त तीव्र लाल प्रकाश टाकला तरी रक्षणाची सगळी यंत्रणा तितक्याच जोमाने सुरू होते. शिवाय निळ्यातले जे कॅरोटिनॉइड शोषतात, त्याचा मोठा भाग ते क्लोरोफिललाच देऊन टाकतात. म्हणजे त्यांचे रक्षणाचे काम सुरू होते ते क्लोरोफिलने प्रकाश गिळल्यानंतर.

आता प्रकाश जादा म्हणजे किती जादा, ते पाहू. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल फोटॉन पडतात. सी३ प्रकारच्या (गहू, भात, सोयाबीन अशा) बहुतेक वनस्पतींचे एकटे पान याच्या निम्म्यावर किंवा त्याच्याही आधी कमाल वेगाला पोहोचते. सावलीत वाढलेले पान १००-२०० मायक्रोमोललाच. हरितलवकातल्या, क्लोरोफिल धरून ठेवणाऱ्या थायलॅकॉइड झिल्लीच्या आतून पाहिले तर तफावत आणखी ठळक होते. भर उन्हात क्लोरोफिलचा एक रेणू सेकंदाला ढोबळमानाने दहा फोटॉन घेतो. एका अभिक्रिया केंद्रामागे, म्हणजे ऊर्जेचे रसायनात रूपांतर होते त्या जागेमागे, असे दोन-अडीचशे रेणू असतात, म्हणजे केंद्राकडे सेकंदाला दोन हजारांच्या घरात ऊर्जेची पाकिटे येतात. पुढच्या साखळीतली सर्वांत संथ पायरी, प्लास्टोक्विनॉल या वाहक रेणूकडून इलेक्ट्रॉन काढून घेण्याची, पाच ते दहा मिलिसेकंद घेते. सेकंदाला शंभर-दोनशे इलेक्ट्रॉन पुढे सरकतात. आवक दहापट, जावक एकपट.

ढग सरला की हाच प्रकाश काही सेकंदांत दहापट होतो. पानाला कलायला किंवा हरितलवकांना पेशीच्या कडेला सरकायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे पहिला बचाव झिल्लीच्या आतच व्हावा लागतो.

क्लोरोफिलने फोटॉन घेतला की त्याचा एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो. ही उत्तेजित अवस्था जेमतेम काही नॅनोसेकंद टिकते. तेवढ्यात ऊर्जा अभिक्रिया केंद्रापर्यंत पोहोचली तर रसायन घडते. नाही पोहोचली तर ती लाल प्रतिदीप्ती होऊन बाहेर पडते किंवा उष्णता होऊन जाते. केंद्रे तुंबलेली असतील तर क्लोरोफिल अधिक वेळ उत्तेजित राहते आणि चौथ्या वाटेची शक्यता वाढते: इलेक्ट्रॉनची फिरकी उलटते आणि क्लोरोफिल ट्रिपलेट अवस्थेत जाते. धोका इथे आहे. ट्रिपलेट क्लोरोफिल खूप जास्त वेळ टिकते, आणि ऑक्सिजनचा साधा रेणू स्वतःच मुळात ट्रिपलेट असतो. दोघांची गाठ पडली की क्लोरोफिल शांत होते आणि ऑक्सिजन उत्तेजित होऊन सिंगलेट ऑक्सिजन बनतो. तो जिथे जन्मतो तिथल्याच आसपासच्या रेणूंवर तुटून पडतो. थायलॅकॉइड झिल्लीत त्याला सावज भरपूर: तिच्या मेदांत तीन-तीन द्विबंधांचे लिनोलेनिक आम्ल ठासून भरलेले असते, आणि पाणी फोडून ऑक्सिजनही याच झिल्लीत तयार होत असतो. उत्तेजित क्लोरोफिल आणि ऑक्सिजन एकाच खोलीत ठेवून जगायचे, ही हिरव्या वनस्पतीची मूळ अडचण आहे.

कॅरोटिनॉइडचे पहिले आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे काम इथे होते. ट्रिपलेट क्लोरोफिल ऑक्सिजनला गाठण्याआधीच शेजारचा कॅरोटिनॉइड ती ऊर्जा काढून घेतो. ही देवाणघेवाण लांबून होत नाही. दोन्ही रेणूंचे इलेक्ट्रॉन-ढग एकमेकांना भिडावे लागतात, म्हणजे अंतर नॅनोमीटरच्या निम्म्याहूनही कमी हवे. म्हणून जागा महत्त्वाची. पालकाच्या पानातल्या एलएचसी-दोन या प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिनाची बारीक रचना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रथिनाच्या एका एककात १४ क्लोरोफिल आणि ४ कॅरोटिनॉइड आहेत. त्यांतले दोन ल्युटीन (हा एक कॅरोटिनॉइड) ऐन मध्यभागी फुलीसारखे एकमेकांना तिरके बसलेले आहेत आणि क्लोरोफिल-ए त्यांना लगटून आहेत. विद्यार्थ्यांना मी ते चित्र पडद्यावर फिरवून दाखवते, कारण 'कॅरोटिनॉइड पानात असतात' हे वाक्य आणि 'ल्युटीन या क्लोरोफिलला चिकटून आहे' हे वाक्य यांत फार अंतर आहे.

ऊर्जा घेतल्यावर कॅरोटिनॉइड स्वतः ट्रिपलेट होतो. मग तोच ऑक्सिजनला का पेटवत नाही? सिंगलेट ऑक्सिजन तयार करायला मोलमागे ९४ किलोज्यूल लागतात. बीटा-कॅरोटीन किंवा ल्युटीनच्या ट्रिपलेटमध्ये तेवढी ऊर्जाच नसते. काही मायक्रोसेकंदांत ती उष्णता होऊन विरते आणि रेणू न मोडता पुढच्या खेपेला तयार होतो. ही ऊर्जापातळी ठरते रेणूच्या साखळीतल्या एकाआड एक द्विबंधांच्या संख्येवर. साखळी लांब तितकी पातळी खाली. असे नऊच्या पुढे द्विबंध असले की काम चोख होते. ल्युटीनमध्ये दहा, बीटा-कॅरोटीनमध्ये अकरा. फायटोईन हाही कॅरोटिनॉइडच, पण त्यात असे तीनच द्विबंध. तो रंगहीन असतो आणि या कामाला निरुपयोगी.

याचा पुरावा नॉरफ्लुराझोन या तणनाशकात सापडतो. ते फायटोईनच्या पुढची पायरी अडवते. फवारलेल्या रोपाची नवी पाने उजेडात पांढरीशुभ्र येतात. पाहणाऱ्याला वाटते, क्लोरोफिल तयारच झाले नाही. तेच रोप अगदी मंद प्रकाशात वाढवा, पाने हिरवी येतात. बंद पडलेला कारखाना कॅरोटिनॉइडचा असतो. क्लोरोफिल तयार होते आणि संरक्षण नसल्याने उजेडात जळून जाते.

याहून स्वच्छ प्रयोग १९५५ चा. स्टॅनियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या एका जांभळ्या जीवाणूचा निळा-हिरवा उत्परिवर्तित वाण घेतला. त्यात रंगीत कॅरोटिनॉइड नव्हते. हवा नसताना उजेडात तो नीट वाढला. अंधारात हवा मिळाली तरी नीट राहिला. उजेड आणि हवा दोन्ही एकदम मिळाल्यावर मात्र त्याचे रंगद्रव्य नष्ट झाले आणि पेशी मेल्या. मूळ वाणाला काहीच झाले नाही. कॅरोटिनॉइड नसले तर प्रकाश एकटा मारत नाही, ऑक्सिजन एकटा मारत नाही, जोडी मारते. इतक्या साध्या मांडणीतून इतके निर्णायक उत्तर मिळालेले प्रयोग थोडे.

पाणी फोडणाऱ्या फोटोसिस्टिम दोनच्या अभिक्रिया केंद्रात मात्र ही सोय पुरी पडत नाही. तिथले मुख्य क्लोरोफिल, पी६८०, इलेक्ट्रॉन गमावल्यावर इतके प्रखर ऑक्सिडीकारक होते की अगदी चिकटून बसलेल्या कॅरोटीनचाही इलेक्ट्रॉन ओढून घेईल. म्हणून तिथले दोन बीटा-कॅरोटीन जरा अंतर राखून आहेत. ते ट्रिपलेट थेट पकडू शकत नाहीत; सिंगलेट ऑक्सिजन तयार झाल्यावर त्याला गाठून शांत करतात. काही ऑक्सिजन निसटतो आणि केंद्राच्या गाभ्यातल्या डी१ प्रथिनाची मोडतोड होते. पान ते प्रथिन सतत काढून नवे बसवत राहते. दुरुस्तीचा वेग मोडतोडीच्या मागे पडला की आपण त्याला प्रकाशजन्य अवरोध म्हणतो.

आतापर्यंत सांगितले ते अपघातानंतरचे काम. दुसरे काम अपघाताची वेळच येऊ न देण्याचे: क्लोरोफिल उत्तेजित झाल्यावर ट्रिपलेट होण्याआधीच ती ऊर्जा उष्णतेत घालवणे. प्रतिदीप्ती मोजताना ते दिसते म्हणून त्याचे नाव अप्रकाशरासायनिक शमन, रोजच्या बोलण्यात एनपीक्यू.

प्रकाश वाढला की थायलॅकॉइडच्या आतल्या पोकळीत, ल्युमेनमध्ये, हायड्रोजन आयन साठत जातात. एटीपी तयार करणाऱ्या यंत्राला ते खपवता येईनात, म्हणजे आतला पीएच उतरतो. बाहेर स्ट्रोमात, म्हणजे थायलॅकॉइडभोवतीच्या द्रवात, ८ च्या आसपास आणि आत सहाच्या खाली. आवक जास्त झाल्याची पानाला मिळालेली ही खूण आहे, आणि तिच्यावर दोन गोष्टी हलतात. पीएसबीएस नावाचे प्रथिन आम्लता ओळखून काही सेकंदांत एलएचसीची मांडणी बदलायला लावते. आणि ल्युमेनमध्येच असलेला व्हायोलाझँथिन डीइपॉक्सिडेज हा विकर जागा होऊन झिल्लीला चिकटतो. तो व्हायोलाझँथिनमधले दोन इपॉक्साइड गट एकामागून एक काढतो: आधी अँथेराझँथिन, मग झिआझँथिन. त्यासाठी त्याला अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, लागते. द्विबंधांची साखळी नवाची दहा आणि दहाची अकरा होते. ऊन ओसरले की स्ट्रोमाच्या बाजूचा दुसरा विकर, झिआझँथिन इपॉक्सिडेज, तेच गट पुन्हा बसवतो. जाण्याचा प्रवास मिनिटांचा, परतीचा बराच संथ. कधी तासाहून अधिक.

हे झँथोफिल चक्र. प्रकाशात व्हायोलाझँथिन घटते हे सोव्हिएत संघात सापोझ्निकोव्ह यांनी १९५७ मध्ये दाखवले, १९६२ मध्ये यामामोटो आणि सहकाऱ्यांनी चक्राच्या पायऱ्या लावल्या. पण ते कशासाठी, हे लक्षात यायला १९८७ उजाडले. बार्बरा डेमिग आणि सहकाऱ्यांनी झिआझँथिनचे प्रमाण आणि उष्णतेत जाणारी ऊर्जा एकत्र चढतात हे दाखवून दिले. चक्र माहीत असून त्याचे कारण पंचवीस वर्षे हाती लागले नव्हते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाची गाठ सुटते. कॅरोटिनॉइडच्या दोन उत्तेजित पातळ्या इथे महत्त्वाच्या आहेत. निळा प्रकाश शोषला की तो वरच्या पातळीवर जातो. ती क्लोरोफिलच्या पातळीपेक्षा उंच, म्हणून ऊर्जा क्लोरोफिलकडे उतरते. हा सहायक रंगद्रव्याचा धंदा. खालची पातळी प्रकाश शोषून थेट गाठता येत नाही, ती क्लोरोफिलच्या लाल पातळीच्या जवळपास किंवा जरा खाली असते आणि अवघ्या दहा पिकोसेकंदांच्या आसपास उष्णतेत विरते. क्लोरोफिलची ऊर्जा या पातळीवर उतरली की परत येत नाही. एकाच रेणूचा वरचा मजला देणारा, खालचा घेणारा. कोणता मजला कधी क्लोरोफिलशी जोडला जाईल, हे प्रथिनाची ठेवण आणि रेणूंमधले अंतर ठरवते.

यावरून एक सुटसुटीत कल्पना निघाली होती: व्हायोलाझँथिनची खालची पातळी क्लोरोफिलच्या वर, झिआझँथिनची खाली, म्हणजे चक्र हे नुसते गिअर बदलणे. वर्गात शिकवायला ती फार सोपी आहे आणि अजून नोट्समध्ये सापडते. नंतरच्या मोजमापांत दोन्ही रेणूंच्या पातळ्यांतला फरक तेवढा निर्णायक निघाला नाही, म्हणून परीक्षेत ती लिहू नका. काहींच्या मते ऊर्जा एलएचसीच्या मधल्या ल्युटीनकडे उतरते आणि झिआझँथिन प्रथिनाला त्या ठेवणीत टिकवते. काहींनी क्लोरोफिल आणि झिआझँथिन यांच्यात इलेक्ट्रॉनची देवघेव मोजली आहे. यावर अजून एकमत नाही. एवढे नक्की की ल्युमेनची आम्लता, पीएसबीएस आणि झिआझँथिन या तिन्हींतले एक काढले की शमन ढासळते. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाच्या एनपीक्यू१ वाणात डीइपॉक्सिडेज नाही, एनपीक्यू४ मध्ये पीएसबीएस नाही. दोन्ही शोध कृष्णा नियोगी यांच्या कामातून आले. स्वीडनमधल्या गटाने २००२ मध्ये एनपीक्यू४ रोपे उघड्यावर वाढवली तेव्हा त्यांना बी कमी धरले. वाढकक्षातल्या स्थिर प्रकाशात मात्र ती मूळ वाणाच्या बरोबरीने राहिली. पानाला जड जातो तो झपाट्याने बदलणारा प्रकाश.

त्या बदलाचीच किंमतही आहे. ढग आला, प्रकाश उतरला, तरी झिआझँथिन रेंगाळतो आणि आता हवी असलेली ऊर्जाही काही मिनिटे उष्णतेत जात राहते. डीइपॉक्सिडेज, इपॉक्सिडेज आणि पीएसबीएस ही तिन्ही प्रथिने वाढवून हे चक्र वेगवान केल्यावर तंबाखूच्या शेतातल्या रोपांचे वजन सुमारे १५ टक्के वाढले, हा निकाल २०१६ चा. २०२२ मध्ये सोयाबीनमध्ये एका हंगामात सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास जास्त उत्पादन नोंदले गेले. तोच बदल अरॅबिडॉप्सिसमध्ये केल्यावर मात्र वाढ उलट मंदावली. म्हणून हा उपाय सगळ्या पिकांना सरसकट लागू आहे असे मी कोणाला सांगत नाही.

जाता जाता, कोवळ्या पानांचा लाल रंग बहुतेक वेळा अँथोसायनिनचा असतो. तो पाण्यात विरघळणारा, पेशीतल्या रसधानीत राहणारा. छत्रीची उपमा द्यायचीच तर त्याला द्या.

आता मोजण्याबद्दल. पॅम प्रतिदीप्तीमापी (झळका देऊन क्लोरोफिलची प्रतिदीप्ती मोजणारे यंत्र) मिळाला तर काम सोपे आहे. पान अर्धा तास अंधारात ठेवा. मंद मोजणी-प्रकाशात किमान प्रतिदीप्ती घ्या, समजा २५५. मग सेकंदभराची अतितीव्र झळक द्या. कमाल आली १५००. फरक भागिले कमाल, ०.८३, निरोगी पानाचा आकडा याच्याच आसपास येतो. आता पानावर तीव्र प्रकाश सुरू ठेवून दर मिनिटाला एक झळक द्या. कमाल आकडा उतरत जातो: ११००, ८००, ६००, आणि ५०० वर स्थिरावला असे धरू. १५०० वजा ५००, भागिले ५००, एनपीक्यू २. दिवा बंद करा आणि झळका चालू ठेवा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत आकडा झरझर चढतो, तो ल्युमेनची आम्लता गेल्यामुळे. मग चढण मंदावते आणि रेंगाळते. त्या शेपटीत झिआझँथिनचा मोठा वाटा आहे. पडद्यावर हा आलेख चढताना पाहणे मला अजून आवडते.

कॅरोटिनॉइडचा हात दाखवायचा तर एकाच झाडाची दोन सारखी पाने घ्या, देठ पाण्याखाली कापा. एकाचा देठ साध्या पाण्यात, दुसऱ्याचा सुमारे ५ मिलिमोलर डायथायोथ्रेइटॉलच्या द्रावणात, मंद उजेडात दोन तास. हे रसायन डीइपॉक्सिडेजमधले गंधकाचे पूल तोडून त्याला बंद पाडते. तीच मोजणी पुन्हा करा. दुसऱ्या पानाचा एनपीक्यू पहिल्यापेक्षा चांगलाच खाली राहतो, शून्य मात्र होत नाही. हे रसायन पेशीतल्या इतर विकरांनाही त्रास देते, म्हणून एनपीक्यू१ वाणाची रोपे मिळाली तर पडताळा त्यांच्यावर घ्या.

रंगद्रव्ये एचपीएलसीवर (अर्कातले रेणू स्तंभातून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) पाहणार असाल तर पान तोडण्याची पद्धत यंत्रापेक्षा महत्त्वाची आहे. सुरुवातीच्या काळात आम्ही दुपारची पाने काळ्या पिशवीत घालून, ती सुकू नयेत म्हणून ओल्या कागदात गुंडाळून प्रयोगशाळेत आणत होतो. भर उन्हातल्या पानांत झिआझँथिन अपेक्षेपेक्षा खूप कमी आले. महिनाभर स्तंभात आणि द्रावकांत दोष शोधला. दोष पिशवीत होता: अंधारात, ओलाव्यात, सुखरूप असलेल्या पानाने वाटेतच बराचसा झिआझँथिन परत व्हायोलाझँथिन करून टाकला होता. आता चकती पान झाडावर असतानाच, उन्हाकडे तोंड ठेवूनच कापतो. कापताना हाताची सावली त्यावर पडू देत नाही, आणि दोन-तीन सेकंदांत ती द्रव नायट्रोजनमध्ये जाते. अर्क थंड अ‍ॅसिटोनमध्ये, मंद उजेडात काढा आणि वाटताना चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट टाका. नाहीतर पेशीतल्या आम्लांनी व्हायोलाझँथिनचे रूप बदलते आणि आलेखावर त्याची जागा सरकते. ल्युटीन आणि झिआझँथिनची शिखरे साध्या सी१८ स्तंभावर एकमेकांत मिसळतात. ती वेगळी करणारा स्तंभ किंवा द्रावकक्रम आधी शुद्ध नमुन्यांवर तपासून घ्या, मगच पानांना हात घाला. शेवटी झिआझँथिन अधिक निम्मे अँथेराझँथिन, भागिले व्हायोलाझँथिन, अँथेराझँथिन आणि झिआझँथिन या तिघांची बेरीज, हा आकडा काढा आणि पहाटेच्या, दुपारच्या आणि सूर्यास्तानंतर तासाभराच्या चकत्यांचा शेजारी शेजारी मांडा.